मॅनेजर लोकांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

नऊ_बेचाळीस | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी नमस्कार,

पेशाने मी सॉफ्टवेअरवाला. हल्ली शनिवारी अंधेरी, बीकेसी, लोअर परळ अशा भागांतल्या कंपन्यांत जाऊन तिथल्या मॅनेजर लोकांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देतो. सेल्स हेड, फायनान्सचे सीए, सप्लाय चेनवाले, एचआर. वय पस्तीस ते पंचावन्न. यातल्या एकालाही डेव्हलपर व्हायचं नाहीये. वरून आदेश आलाय, सुट्टी बुडालीये, त्यामुळे सकाळी एकेकाचे चेहरे असे असतात की विचारू नका.

नव्या तुकडीसाठी अभ्यासक्रम परत मांडायला घेतलाय. इथे दोन्ही बाजूंची माणसं आहेत, शिकवणारी आणि शिकलेली, म्हणून धागा काढतोय.

व्हेरिएबल, डेटा टाइप, लूप, फंक्शन ही कॉलेजातली क्रमवारी या लोकांना चालत नाही, हे माझं ठाम मत. वीस वर्षं धंदा बघितलेल्या माणसाला स्क्रीनवर ‘हॅलो वर्ल्ड’ हे पहिल्या धड्यातलं ठरीव वाक्य उमटवून दाखवलं की तो घड्याळाकडे बघतो. आणि ‘अल्गोरिदम म्हणजे पाककृती’ हेही कृपया नको. आधीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये त्यांनी ते ऐकलेलं असतं.

मी रिक्षाच्या भाड्यापासून सुरू करतो. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं २६ रुपये. किलोमीटरचा दर १७.१४. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच २५ टक्के जादा. एवढं फळ्यावर लिहायचं आणि सांगायचं, लॅपटॉप मिटा, कागदावर नियम लिहा. असे लिहा की ज्याने जन्मात रिक्षा पाहिली नाही त्याच्या हातात तो कागद दिला तरी भाडं बरोबर निघालं पाहिजे.

दहा मिनिटांत खोलीत दोन तट. तीन किलोमीटरचं भाडं एका गटाचं येतं ५१, दुसऱ्याचं ५२. पहिल्यांनी १७.१४ ला सरळ तीनने गुणलेलं असतं, ५१.४२. दुसऱ्यांनी पहिल्या दीड किलोमीटरचे २६ धरून उरलेल्या दीडचे २५.७१ त्यात मिळवलेले असतात, ५१.७१. गणित दोघांचंही बिनचूक. तेवढ्यात कोणीतरी रात्रीचं किमान भाडं काढतं. २६ वर २५ टक्के चढवले की साडेबत्तीस. मग ३२ घ्यायचे की ३३? आणि ते २५ टक्के २६ वर चढवायचे की गोल करण्याआधीच्या २५.७१ वर? रात्री ११:५० ला बसलो आणि १२:२० ला उतरलो तर? गिऱ्हाईक दादरला चल म्हणालं तर? माहीम-शीवच्या पुढे शहरात रिक्षाला परवानगीच नाही, मग तुमच्या कागदाने भाडं सांगायचं की नकार द्यायचा?

यानंतर लॅपटॉप उघडायला लावतो. एक्सेलमध्ये साडेबत्तीस राउंड केले की ३३ येतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या राउंडने ३२. पायथन बरोब्बर अर्ध्यावर अडकलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून. हे पाहिल्यावर खोलीतला एकही माणूस फोनकडे बघत नसतो, कारण प्रत्येकाला आपापल्या कंपनीतलं कुठलं तरी न जुळलेलं बिल आठवलेलं असतं.

इथपर्यंत छान जमतं. प्रश्न पुढचा आहे. पायथनवरच राहू की एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) घेऊ? की यांच्यासाठी एक्सेलच पुरे? आणि आता एआय कोड लिहून देतंय, तर यातलं काय गाळावं? वेळ फार थोडा मिळतो, सगळं बसत नाही.


खारी_बिस्कीट | शनिवार, रात्री १०:४१

५१ की ५२ यावरून आमच्या घरात आत्ता वाद चालू झालाय. नवरा सीए आहे. धन्यवाद. :)


गिरगावकर_अण्णा | शनिवार, रात्री १०:५८

मीटर दाखवेल ते द्यायचं आणि उतरायचं. एवढा विचार कोण करतं.


नऊ_बेचाळीस | शनिवार, रात्री ११:०३

अण्णा, मीटरमध्ये कोणीतरी विचार करूनच घातलाय ना तो. तो ‘कोणीतरी’ म्हणजेच माझ्या वर्गातली माणसं. फक्त त्यांना ते माहीत नसतं.


ठाणेकर_बाई | रविवार, सकाळी ९:२०

मी शिकलेल्या बाजूची. विमा क्षेत्रात प्रॉडक्ट सांभाळते, असाच एक वर्ग कंपनीने करवून घेतला होता. खरं सांगायचं तर पायथनचा कंस कुठे आणि कोलन कुठे हे आता मला अजिबात आठवत नाही. पण मी डेव्हलपरना जे लिहून पाठवते ते बदललं.

आमच्याकडे मागणी अशी जायची: ‘हप्ता थकण्यापूर्वी ग्राहकाला वेळेवर आठवण जावी.’ वाचायला किती शहाणं वाक्य! डेव्हलपर उलट प्रश्न पाठवायचा. वेळेवर म्हणजे किती दिवस आधी? तो दिवस रविवार असेल तर? कालच हप्ता भरलाय पण बँकेकडून अजून कळलं नाही, त्याला पाठवायचं का? एकाच मोबाइल नंबरवर नवरा, बायको आणि सासूबाई अशा तीन पॉलिसी असतील तर मेसेज एक की तीन? आमच्या बाजूला सगळ्यांचं एकच म्हणणं, हा फाटे फोडतोय, काम टाळतोय. वर्गानंतर हे प्रश्न आम्ही स्वतःच आधी विचारून उत्तरांसकट पाठवायला लागलो. पूर्वी मेलामेलीत आठवडा जायचा, तो वाचतो.

म्हणून तुमचा रिक्षाचा धडा वाढवा. त्याच दिवशी प्रत्येकाला आपल्या खात्यातला एक नियम तसाच लिहायला लावा. रजेचा नियम, डिस्काउंटची पायरी, क्रेडिट लिमिट, काहीही. मग तो कागद दुसऱ्या खात्यातल्या माणसाला द्या आणि दोन उदाहरणं सोडवायला सांगा. मजा येईल.

आणखी एक गोष्ट, अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची. आमच्या वर्गात व्हीपी आणि त्यांच्या हाताखालचे दोघे एकाच टेबलावर होते. साहेबांनी दिवसभर कीबोर्डला हात लावला नाही. का, तर चुकलो तर पोरं बघतील. जेवणानंतर त्यांना ‘महत्त्वाचा कॉल’ आला आणि ते परत आलेच नाहीत. हुद्द्यांप्रमाणे वेगळे वर्ग घ्या. जमत नसेल तर निदान टेबलं तरी वेगळी.


सेमीकोलन | रविवार, दुपारी १२:०५

विरोधी मत मांडतो, दगड नंतर मारा.

मी रोज असल्या शिकलेल्या साहेबांच्या हाताखाली कोड लिहितो. शनिवारी ट्रेनिंग झालं की सोमवारच्या मीटिंगमध्ये वाक्य ठरलेलं: ‘अरे हे दोन ओळींचं काम आहे, मी स्वतः केलंय.’ हो साहेब, केलंत. स्वच्छ डेटावर, तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवर, शेजारी शिकवणारा उभा असताना. त्या दोन ओळींच्या आजूबाजूला लॉगिन आहे, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या आहेत, दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय याचा बंदोबस्त आहे, आणि २०१४ सालचं कोणीही हात न लावलेलं एक मॉड्यूल आहे, ज्याला सगळे घाबरतात.

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावर जुनाच राहिला. नव्या कोडमध्ये एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं निजलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि भसाभस ऑर्डरी टाकत सुटला. सुमारे पाऊण तास. नुकसान साधारण ४४ कोटी डॉलर. यात लूप आणि इफ-एल्स (पुनरावृत्ती आणि जर-तर) न समजल्यामुळे काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कोड चढवण्याच्या पद्धतीत. ‘आठही सर्व्हर तपासले का, आणि दुसऱ्या माणसाने तपासले का?’ हा प्रश्न मॅनेजरने विचारायचा असतो.

तेव्हा माझं म्हणणं असं की लिहायला शिकवू नका. लिहून झाल्यावर काय काय होतं ते शिकवा. टेस्टिंग म्हणजे काय, रिलीज कसा होतो, म्हणजे नवा कोड वापरात कसा आणतात, बिघडलं तर जुन्याकडे मागे कसं फिरायचं, शुक्रवारी संध्याकाळी का चढवायचं नाही.


ठाणेकर_बाई | रविवार, दुपारी १२:३१

‘दोन ओळींचं काम’ म्हणणारे न शिकताही म्हणतातच हो. शिकलेला निदान कुठल्या दोन ओळी ते तरी विचारतो.


सेमीकोलन | रविवार, दुपारी १२:३४

बरं, हे मान्य.


फुलपगारी | रविवार, दुपारी ३:४८

(वर ज्या नवऱ्याचा उल्लेख आला तो मी नव्हे, पण सीए आहे.)

पायथन की एसक्यूएल हा वाद तुम्ही घाला. माझा मुद्दा एवढाच की ही सगळी मंडळी आत्ताही प्रोग्रॅमिंग करतातच. एक्सेलमधला नेस्टेड इफ (एका ‘जर-तर’च्या पोटात दुसरं) म्हणजे दुसरं काय आहे? १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट आलं, ते सुचलं डॅन ब्रिकलिनला, हार्वर्डमध्ये एमबीए करत असताना. म्हणजे हे अवजार जन्मापासून आमच्याच गोतावळ्यातलं. ते धडपणे वापरायला कोणी शिकवत नाही, हे खरं दुखणं.

मी शिकवत असतो तर पहिला अख्खा दिवस फक्त एक्सेल डेटाची कशी वाट लावतं यावर घालवला असता. औषधांच्या धंद्यातला बॅच नंबर घ्या, १२ई५. एक्सेलला वाटतं बारावर पाच शून्यं, तो त्याचे बारा लाख करून मोकळा. सोळा आकडी नंबर टाका, एक्सेल पंधराच आकडे जपतो, शेवटचा शून्य होतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात. तारखांचं तर विचारूच नका. अमेरिकन सेटिंगच्या लॅपटॉपवर आपली फाइल उघडली की ०३/०४ चा झाला ४ मार्च, आणि १३/०४ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, मजकूर म्हणून तशीच पडून राहते. महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांचे आकडे चुकीच्या महिन्यांत आणि उरलेले कुठेच नाहीत. पिव्होट टेबल (एक्सेलचा बेरजांचा गोषवारा) मात्र देखणं दिसतं.

व्हीलूकअप म्हणजे दुसऱ्या टेबलातून जुळणारी किंमत शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र; त्यात जुळणी कशी करायची हे सांगणारा शेवटचा पर्याय दिलाच नाही की ते तंतोतंत जुळणी न करता अंदाजे जुळणी करतो, हे दहा वर्षं व्हीलूकअप वापरणाऱ्या किती जणांना माहीत असतं, वर्गात हात वर करायला सांगून बघा.

आणि हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत, कारण मध्ये कुठेतरी एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला होता. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. ज्याला ही मर्यादा माहीत होती त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

तुमच्या साडेबत्तीसमध्ये एक भर घालतो. एक्सेलच्या शीटमधला राउंड ३३ देतो, पण त्याच एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिताना व्हीबीए या एक्सेलच्या आतल्या भाषेचा राउंड वापरलात तर ३२ येतात. एकाच फाइलमध्ये दोन उत्तरं. ऑडिटला आलेल्या पोराला समजावून दाखवा.


खारी_बिस्कीट | रविवार, दुपारी ४:०२

नवऱ्याला व्हीलूकअपचं विचारलं. ‘मला माहीत होतं’ म्हणाला. चेहऱ्यावरून वाटलं नाही.


लेजरवाले_काका | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी बँकेतून निवृत्त. फोर्टमधल्या शाखेत लेजरवर सुरुवात केली, तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द काढला तरी युनियनची गेट मीटिंग लागायची. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये ती लेजर पोस्टिंगची यंत्रं यायला लागली, एएलपीएम. आम्हा अधिकाऱ्यांना शिकवायला एक तरुण मुलगा आला होता. तो थेट बायनरी शिकवायला बसला. शून्य आणि एक. दुपारपर्यंत निम्मे लोक चहाला गेले ते गेलेच.

वास्तविक आमच्याकडे प्रोग्रॅम होता, कागदावर. बचत खात्याचं व्याज कसं काढायचे? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर. म्हणून नऊ-दहा तारखेला पैसे भरायला काउंटरवर ही रांग. प्रत्येक खात्याचं पान उघडायचं, दहापासून खाली नजर फिरवायची, सगळ्यात लहान आकडा पेन्सिलीने बाजूला मांडायचा, पुढचा महिना. लूप आणि तुलना, दुसरं काय होतं ते? त्या मुलाने हेच उदाहरण घेतलं असतं तर आम्ही त्याला चार गोष्टी शिकवल्या असत्या. रोजच्या शिल्लकीवर व्याज द्यायचं म्हटलं तर हाताने करणं केवळ अशक्य होतं. शाखा कॉम्प्युटरवर आल्या म्हणूनच तो नियम १ एप्रिल २०१० पासून बदलता आला.

साहेबांना कोड वाचता यावा ही हौसही जुनी आहे. १९५९ मध्ये कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा बेतली गेली तेव्हा इंग्रजी वाक्यांसारखी रचना ठेवण्यामागे हाही एक हेतू होता, की प्रोग्रॅमर नसलेल्या व्यवस्थापकालाही वाचून कळावं. ‘अ‍ॅड टॅक्स टू टोटल’ असं लिहायचं. माझ्या नोकरीत कोबोलचा कागद वाचणारा एकही जनरल मॅनेजर मी पाहिला नाही. आकडा जुळला का, एवढंच विचारायचे.

नऊ_बेचाळीस, तुम्ही तरुण आहात, एक सुचवतो. वर्गात खात्यातला सर्वांत जुना माणूस असेल त्याला आधी बोलू द्या. नियमांचे अपवाद त्याच्या तोंडपाठ असतात.


नऊ_बेचाळीस | रविवार, रात्री ८:१५

काका, हे व्याजाचं उदाहरण मी उचलतोय. बँकवाल्या तुकडीत रिक्षाऐवजी हेच. शिवाय त्यात एक आयता प्रश्न आहे: खातं महिन्याच्या पंधरा तारखेला उघडलं तर दहा तारखेची शिल्लक काय धरायची, शून्य की ‘नाही’? प्रोग्रॅमिंगमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मॅनेजर लोकांच्या रिपोर्टमध्ये त्या सतत एकत्र मिसळलेल्या असतात.

फुलपगारी, अख्खा दिवस नाही, पण सकाळचं सत्र देतो. व्हीलूकअपचा हात वर करायचा प्रयोग नक्की.

सेमीकोलन, तुमचं निम्मं पटलं. टेस्टिंग आणि रिलीज हवंच, आतापर्यंत ते शेवटी घाईघाईत उरकलं जायचं. पण ‘लिहायला शिकवू नका’ हे नाही पटत. ज्याने स्वतः लिहिलेलं काही चालता चालता फुटलेलं पाहिलं नाही, त्याला टेस्टिंग हा शब्द स्लाइडवरच राहतो. वीस ओळी तरी स्वतःच्या हाताने लिहायच्या आणि एरर लाल अक्षरात डोळ्यांनी बघायची. ती वाचायलाही शिकायचं. लाल दिसलं की खिडकी बंद करायची, ही मॅनेजर लोकांची सार्वत्रिक सवय आहे.

आता एसक्यूएलबद्दल बोला कोणीतरी.


चाळणी | रविवार, रात्री ९:५०

बोलते. डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, आणि मॅनेजर लोकांना पायथनच्या आधी एसक्यूएल द्यावं या मताची.

कारण साधं आहे. पायथन येऊन ते करणार काय? त्यांना प्रश्न पडतात ते असे: गेल्या तीन महिन्यांत एकही ऑर्डर न दिलेले दुकानदार कोण? कोणत्या डेपोतून माल परत जास्त येतो? ही सगळी सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय या एसक्यूएलच्या आज्ञांत मावणारी कामं. मुळात ती भाषाच त्यासाठी केली होती. १९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिचा पहिला आराखडा मांडला तेव्हा डोळ्यांसमोर प्रोग्रॅमर नसलेला, पण डेटाची गरज असलेला माणूसच होता.

पण शिकवताना एक गोष्ट जरूर घालाच, जॉइनमुळे (दोन टेबलं जोडल्यामुळे) दुप्पट होणारे आकडे. आत्ताचं ताजं उदाहरण देते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बरीचशी औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. आता दरांच्या मास्टर टेबलमध्ये एकाच औषधाच्या दोन ओळी असणार. एक जुन्या दराची, एक नव्या. विक्रीचं टेबल या टेबलाला नुसत्या औषधाच्या कोडवर जोडलं की अशा औषधाचं प्रत्येक बिल दोनदा येतं. एकदा १२ टक्क्यांनी, एकदा ५ टक्क्यांनी. एरर वगैरे काही येत नाही. लाल अक्षर नाही. विक्री दुप्पट दिसते आणि सेल्स हेड खूश.

हे वर्गात मुद्दाम घडवा. दहा ओळींचं विक्रीचं टेबल, सहा ओळींचं दरांचं टेबल. जोडायच्या आधी ओळी मोजायला लावा, जोडल्यावर परत मोजायला लावा. दहाच्या सतरा झाल्या की त्यांना विचारा, या सात कुठून आल्या? उत्तर त्यांनाच शोधू द्या, तुम्ही तोंड उघडू नका. बिलाची तारीख आणि दराची लागू तारीख यांची अट घालायला हवी, हे पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, आणि ते म्हणणारा बहुतेक वेळा फायनान्सवाला नसून डिस्पॅचवाला असतो. त्याने जुन्या दराचा माल नव्या दराने परत घेतानाची भांडणं प्रत्यक्ष झेललेली असतात.

जोडायच्या आधी मोजा, नंतर मोजा. मॅनेजरने माझ्याकडून आलेल्या प्रत्येक रिपोर्टवर एवढं जरी विचारलं ना, मी त्याला चहा पाजेन.


फुलपगारी | रविवार, रात्री १०:०७

हे जीएसटीचं भारी आहे. क्रेडिट नोट कुठल्या दराने, हाही प्रश्न त्यातच घाला. ज्या दराने माल गेला त्याच दराने मूळ बिलाची क्रेडिट नोट निघते, आजचा दर लावायचा नसतो. म्हणजे परतीच्या ओळीला मूळ बिलाची तारीख सोबत बाळगावी लागते. रिटर्नच्या टेबलमध्ये तो रकानाच नसेल तर कितीही प्रोग्रॅमिंग करा.


कट्टा_सात | रविवार, रात्री ११:२०

सगळं वाचलं, छान आहे, पण खोलीतल्या हत्तीबद्दल कोणीच धड बोलत नाहीये. कॉलेजात आहे मी, मोठ्यांनी रागावू नये. हे सगळं एआय करून देतं. मी आत्ताच रिक्षाचा प्रश्न त्याला टाकला. तीस सेकंदांत पायथन कोड, वर कॉमेंट्ससकट. मग मॅनेजरने शिकायचं कशाला? त्याने मराठीत सांगावं, काम व्हावं.


चाळणी | रविवार, रात्री ११:२६

तीन किलोमीटरला किती आलं?


कट्टा_सात | रविवार, रात्री ११:२९

५२.


चाळणी | रविवार, रात्री ११:३१

आणि ५१ ही येऊ शकतात, ५२ का धरले, हे त्याने तुला विचारलं?


कट्टा_सात | रविवार, रात्री ११:३८

नाही :( परत विचारल्यावर म्हणालं, ‘तुमचं बरोबर आहे’, आणि ५१ वाला कोड दिला. मग मी म्हटलं, नाही, ५२ च बरोबर, तर परत ‘तुमचं बरोबर आहे’.


सेमीकोलन | सोमवार, सकाळी ७:५५

लोकलमधून लिहितोय, थोडक्यात. एआयमुळे माझं मत बदललंय ते या बाजूला: आता मॅनेजरला शिकवायलाच हवं. पूर्वी मध्ये आम्ही होतो, उलट प्रश्न विचारून वैताग देणारे. आता साहेब थेट यंत्राशी बोलणार आणि यंत्र हो ला हो करणार. तेव्हा उलट प्रश्न साहेबांनाच पडायला हवेत. कोड आल्यावर तो चालवायच्या आधी उत्तर माहीत असलेली पाच-सहा उदाहरणं कागदावर लिहून ठेवायची सवय लावा. दीड किलोमीटर बरोब्बर, त्याच्या किंचित पुढे, शून्य किलोमीटर, रात्री बाराला, पहाटे पाचला. कड्यावरची उदाहरणं. सगळी बरोबर आली तरच पुढे.

आणि ग्राहकांची खरी यादी, फोन नंबरांसकट, कुठल्याही चॅटमध्ये चिकटवायची नाही. हे पहिल्या तासाला सांगा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी नाही.

घाटकोपर आलं.


ठाणेकर_बाई | सोमवार, सकाळी १०:१०

कट्टा_सात, चांगला प्रश्न विचारलास रे, रागावलं कोणी नाही.

ती उत्तरं आधी लिहून ठेवायची कल्पना मला सर्वांत आवडली. त्याला प्रोग्रॅमिंग येण्याचीही गरज नाही, धंदा माहीत असला की पुरे. साहेब लोकांनाही तिथे कमीपणा वाटणार नाही, कारण त्या उदाहरणांत तेच तज्ज्ञ.


गिरगावकर_अण्णा | सोमवार, दुपारी १:१५

एक व्यावहारिक शंका. माझ्या मुलीच्या ऑफिसात लॅपटॉपवर साधा फाँट टाकायचा तरी आयटीची परवानगी लागते. पायथन कुठे टाकणार?


नऊ_बेचाळीस | सोमवार, रात्री ९:४०

अण्णा, वर्मावर बोट ठेवलंत. सर्वांत जास्त वेळ यातच जातो. आयटीला आधी मेल, मग स्मरणपत्र, मग शुक्रवारी संध्याकाळी फोन, आणि शनिवारी सकाळी निम्म्या लॅपटॉपवर ‘अ‍ॅडमिनशी संपर्क साधा’. पर्याय आहेत, प्रत्येकात काहीतरी मेख आहे. ब्राउझरमध्येच पायथन चालवणारं गूगलचं कोलॅब सोपं, पण डेटा बाहेर जातो, म्हणून तिथे फक्त बनावट डेटा. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सेलमध्येच पायथन आणायची घोषणा केली आणि ते आता मिळतंय, पण सबस्क्रिप्शन योग्य प्रकारचं लागतं आणि तो कोडही त्यांच्या क्लाउडवर चालतो, तेव्हा परवानगीचा प्रश्न उरतोच. एसक्यूएलसाठी मी एसक्यूलाइट या सुटसुटीत डेटाबेसची एकच छोटी फाइल देतो. तीही उघडायला प्रोग्रॅम लागतो, पण तो इन्स्टॉल न करता नुसता कॉपी करून चालणारा मिळतो. काही ठिकाणी पेन ड्राइव्ह बंद असतो, तिथे हेही नाही.

तर तूर्तास असं ठरवलंय. सकाळ: रिक्षा किंवा काकांचं व्याज, कागदावर, त्यानंतर ठाणेकर बाईंचा कागद अदलाबदलीचा खेळ. दुसरं सत्र एक्सेलच्या खोड्या. त्यानंतर एसक्यूएल, चाळणीताईंच्या जीएसटीच्या दुप्पट विक्रीसकट. पायथन शेवटी, वीसेक ओळी, एआयकडून लिहून घेतलेला कोड कड्यावरच्या उदाहरणांनी फोडायचा. मधल्या एका सत्रात सेमीकोलनना पाहुणे म्हणून बोलवायचा विचार आहे, रिलीजवर बोलायला. याल का? मानधन फार नाही, जेवण चांगलं असतं.

चाळणीताई, ते दहा ओळींचं विक्रीचं आणि सहा ओळींचं दरांचं टेबल तुमच्याकडे तयार असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.


चाळणी | सोमवार, रात्री १०:०२

आहे, पाठवते. त्यात एका औषधाचा कोड मुद्दाम शेवटी एक स्पेस टाकून ठेवलाय, तो कुठल्याच दराशी जुळत नाही. त्यांना सांगू नका.


सेमीकोलन | सोमवार, रात्री १०:३०

येतो. शुक्रवारी रिलीज नसेल तर.